पराभव लाजिरवाणा कोणाचा?

(द्वितीय वर्ष, कला)

वजनदार गटातील, म्हणजे हेवीवेट मुष्टियुद्धाच्या शौकिनांत एक वाद पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. सर्वांत थोर विजेता कोण, हा तो वाद नव्हे. तो अलीचे नाव निघाले की बहुधा मिटतो. मी म्हणतो तो वाद अगदी उलट टोकाचा आहे. सर्वांत लाजिरवाणा पराभव कोणाचा? सनी लिस्टनचा की माइक टायसनचा? अमेरिकेत या प्रश्नावर माणसे हमरीतुमरीवर येतात, आणि जुन्या झुंजींच्या चित्रफिती मोबाईलवर दिसू लागल्यापासून आमच्या वसतिगृहातही येऊ लागली आहेत. ज्यांनी जन्मात हातमोजे चढवले नाहीत, मेसच्या पाणचट आमटीबद्दल चार शब्द बोलायचे तर ज्यांना तोंड फुटत नाही, ती मुले रात्री अकरा वाजता "लिस्टन भेकड होता" असा निकाल देऊन झोपी जातात.

आपल्या वार्षिकांकात आई, पाऊस आणि हुंडा यांवर दरवर्षी लेख येतात. ते यावेतच. पण हा 'लाजिरवाणा' शब्द मला बरेच दिवस टोचतो आहे, म्हणून थोड्या वेगळ्या विषयावर लिहिण्याचे धाडस करतो. प्राध्यापक मंडळींनी गोड मानून घ्यावे.

ज्यांना या खेळाची ओळख नाही त्यांच्यासाठी आधी हकीकत सांगितली पाहिजे. १९६४ साली सनी लिस्टन जगज्जेता होता. त्याच्या नुसत्या नजरेने प्रतिस्पर्धी गारठत, असे त्याचे वर्णन करीत. २५ फेब्रुवारी १९६४ रोजी मायामी बीच येथे त्याच्यासमोर बावीस वर्षांचा कॅशियस क्ले उभा राहिला. हाच पुढचा महंमद अली. पैजा सात-आठास एक अशा लिस्टनच्या बाजूने होत्या. सहा फेऱ्या झाल्या. सातव्या फेरीची घंटा झाली आणि लिस्टन आपल्या कोपऱ्यातल्या स्टुलावरून उठलाच नाही. डावा खांदा कामातून गेला, असे त्याने सांगितले. जगज्जेता बसल्या जागी हरला! दुसरी झुंज २५ मे १९६५ रोजी मेन राज्यातल्या लुइस्टन या लहानशा गावी झाली. प्रेक्षक जेमतेम अडीच हजार. पहिल्याच फेरीत अलीचा एक आखूड उजवा ठोसा बसला आणि लिस्टन आडवा झाला. तो ठोसा कित्येकांना दिसलाही नाही. अली ओरडत त्याच्या डोक्यावर उभा, पंच जर्सी जो वॉलकॉट गोंधळलेले, आकडे कोणी मोजायचे याचा पत्ता नाही. लिस्टन उठला, दोघे पुन्हा भिडले, तेवढ्यात रिंगच्या कडेला बसलेल्या एका संपादकाने पंचांना ओरडून सांगितले की दहा आकडे केव्हाच होऊन गेले. झुंज संपली. लोकांनी "लबाडी, लबाडी" म्हणून गिल्ला केला.

आता टायसन. ११ फेब्रुवारी १९९०, टोकियो. टायसन तेवीस वर्षांचा. ३७ झुंजी, ३७ विजय, त्यांतले ३३ प्रतिस्पर्ध्याला बाद करून. समोर बस्टर डग्लस. त्याच्यावर पैज लावायला एका जुगारगृहाने बेचाळीसास एक असा भाव दिला होता. बाकीच्यांनी भाव काढण्याचेही कष्ट घेतले नाहीत. डग्लसची आई तीनच आठवड्यांपूर्वी वारली होती. त्या दिवशी त्याने टायसनला अक्षरशः धुतले. टायसनचा डोळा सुजत चालला, तर त्याच्या कोपऱ्यातल्या माणसांकडे सूज दाबायचे साधे लोखंडी साधनही नव्हते. रबरी हातमोज्यात गार पाणी भरून ते डोळ्यावर दाबत बसले. इतकी वर्षे त्याची गरजच पडली नव्हती ना! आठव्या फेरीत टायसनने डग्लसला एकदा पाडले खरे, पण तो उठला, आणि दहाव्या फेरीत टायसन आयुष्यात पहिल्यांदा खाली पडला. दातांवरचे रबरी कवच तोंडातून उडून गेले होते. हातापायांवर रांगत त्याने ते चाचपून शोधले, कसेबसे वाकडेतिकडे तोंडात धरले आणि उठायची धडपड केली. तोवर दहा आकडे पूर्ण झाले.

वसतिगृहातला कौल काय, ते सांगतो. टायसनचा पराभव मोठा, पण लाजिरवाणा लिस्टनचा. का? टायसन कवच शोधत होता, म्हणजे त्याला लढायचे होते. लिस्टन बसून राहिला. टायसनची बाजू घेणारे तर इतके हळवे होतात की त्या रांगण्याच्या दृश्याला जवळजवळ देवत्व देतात.

माझा मुद्दा इथे सुरू होतो. या वादात पराभवाचे माप कोणी काढतच नाही. माप निघते ते मार किती खाल्ला याचे. जो बेशुद्ध होईपर्यंत मार खातो त्याची लाज रक्ताने धुऊन निघते आणि जो "बस्स" म्हणतो त्याची कधीच निघत नाही. प्रेक्षकाने तिकिटाचे पैसे दिलेले असतात; त्या बदल्यात त्याला दुसऱ्याच्या देहाची पूर्ण वसुली हवी असते. ती झाली नाही की तो 'लाज' हा शब्द काढतो. माझे हे म्हणणे कोणाला कडक वाटेल. पण स्टुलाचेच उदाहरण घ्या.

१ ऑक्टोबर १९७५ रोजी मनिला येथे जो फ्रेझर अलीशी चौदा फेऱ्या लढला. भयंकर उकाडा, दोघेही मरणाच्या दारात. फ्रेझरचा डोळा मिटत आला होता. पंधराव्या फेरीआधी त्याचे गुरुजी एडी फच यांनी त्याला स्टुलावरच बसवून ठेवले. फ्रेझर उठतो म्हणत होता. फच यांनी ऐकले नाही. फ्रेझरही स्टुलावरच हरला! पण जगात एकही शौकीन त्याला लाजिरवाणा पराभव म्हणत नाही. उलट सर्वकाळातली थोर झुंज म्हणून तिचे गोडवे गातात. फरक कोणता? चौदा फेऱ्यांचे रक्त जमा झाले होते, एवढाच. आणि मायामीत? तिथे आठ डॉक्टरांनी लिस्टनचा हात तपासला आणि तो लढण्याच्या स्थितीत नव्हता असे एकमताने सांगितले; स्नायूबंध फाटून दंडात रक्त उतरले होते. सहा फेऱ्यांनंतरचे गुण पाहिले तर एका गुणलेखकाकडे क्ले पुढे, दुसऱ्याकडे लिस्टन पुढे, तिसऱ्याकडे दोघे समान. म्हणजे लिस्टन उठला नाही तेव्हा तो कागदावर हरतही नव्हता. एका हाताने क्लेसारख्या चपळ माणसापुढे जाणे म्हणजे काय, हे ज्याला समजते त्याने त्याला भेकड म्हणू नये. दुसऱ्या, लुइस्टनच्या झुंजीबद्दल मी वकिली करीत नाही. ती ठरवून झाली असे ज्यांचे मत आहे त्यांनी तिला फसवणूक म्हणावे. फसवणूक हा वेगळा गुन्हा आहे, त्याचा भेकडपणाशी संबंध नाही. आमचे मित्र दोन्ही आरोप एकाच श्वासात करतात! ठरवून पडला म्हणे, आणि घाबरून पडला म्हणे. दोन्ही कसे व्हावे?

लिस्टनबद्दल आणखी थोडे लिहितो, कारण त्याला 'लाज' हरल्यावर चिकटली हेच मुळी खरे नाही. आर्कान्सा राज्यात दुसऱ्याच्या कापसाच्या रानात बटाईने राबणाऱ्या बापाच्या पोटी, डझनावारी भावंडांत तो जन्मला. जन्माची नोंद नाही, त्यामुळे त्याचे खरे वय किती यावर आजही वाद आहे. (माझ्या वडिलांची जन्मतारीख १ जून आहे, कारण मास्तरांनी पटावर सगळ्याच मुलांची तीच घातली. या बाबतीत अमेरिका आणि आमचे गाव यांत फार अंतर दिसत नाही.) बाप बेदम मारीत असे. शाळा नाही, त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. दरोड्याच्या गुन्ह्यात मिसूरीच्या तुरुंगात गेला आणि तिथल्या पाद्र्याने त्याच्या हातात मोजे दिले. पुढे त्याचा कारभार गुंडांच्या टोळ्यांच्या हाती होता, हे अमेरिकेच्या सिनेटपुढील चौकशीतच उघड झाले आहे. २५ सप्टेंबर १९६२ रोजी शिकागोत त्याने फ्लॉइड पॅटरसनला पहिल्याच फेरीत, दोन मिनिटे सहा सेकंदांत बाद केले आणि जगज्जेता झाला. फिलाडेल्फियाला परतताना विमानात बसून त्याने आपल्या स्वागताला येणाऱ्या लोकांपुढे काय बोलायचे याची तयारी केली होती. विमान उतरले. विमानतळावर चार वार्ताहर सोडले तर कोणी नव्हते. जिंकून आला तरी ज्याच्या दारी माणूस फिरकत नाही, तो हरल्यावर त्याची लाज काढायला मात्र सगळे जमले. ५ जानेवारी १९७१ रोजी त्याच्या पत्नीला तो लास व्हेगासच्या घरात मृतावस्थेत सापडला.

हरलेला पॅटरसन तरी काय कमी! लिस्टनशी लढायला जाताना त्याने सामानात खोटी दाढी-मिशी नेली होती. हरल्यावर ती लावून तो मागच्या दाराने निसटला आणि रात्रभर गाडी हाकत न्यूयॉर्कला गेला. हा तोच माणूस, ज्याने १९६० साली गमावलेले विजेतेपद परत मिळवून दाखवले. असे करणारा तो पहिला हेवीवेट. आमची मुले दाढीच्या गोष्टीवर लोळून हसतात. मला हसू येत नाही. झुंज सुरू होण्याआधीच ज्याने तोंड लपवायची सोय करून ठेवली, त्याच्या मनावर लोकांच्या नजरेचे किती ओझे असेल?

आपल्याकडच्या कुस्तीत हा प्रकार एवढा नाही, असे मला वाटते. पाठ मातीला लागली, चीतपट झाली, की कुस्ती संपते. त्यासाठी कोणाला बेशुद्ध पडावे लागत नाही. पैलवान उठतो, अंगावरची माती झटकतो आणि पुढच्या जत्रेत पुन्हा लांग बांधतो. मुष्टियुद्धात मात्र गुणांवर निकाल लागला नाही तर हरण्याचे दोनच मार्ग उरतात. शुद्ध हरपावी किंवा कोणीतरी "पुरे" म्हणावे. पंचाने किंवा गुरूने म्हटले तर चालते. स्वतः म्हटले तर जन्मभराचा डाग!

आता कोणी म्हणेल, मग लाज असे काही नसतेच का? असते. टायसनने २८ जून १९९७ रोजी होलीफिल्डचा कान चावला, तो बाद ठरला, परवाना गेला, तीस लाख डॉलर दंड झाला. ते कृत्य लाजिरवाणेच. पण ते कृत्य आहे, पराभव नव्हे. तसेच डग्लसचे. टायसनला हरवून नऊ महिने झाले नाहीत तोच तो होलीफिल्डपुढे २४६ पौंडांचा होऊन उभा राहिला, टोकियोपेक्षा चौदा-पंधरा पौंड जास्त, आणि तिसऱ्या फेरीत आडवा झाला. लेनॉक्स लुइस २००१ साली दक्षिण आफ्रिकेत हसीम रहमानकडून हरला, तो आधी हॉलिवूडच्या चित्रपटात काम करण्यात गुंतला होता. तयारी न करता मैदानात उतरणाऱ्याला दोष द्यावाच. परीक्षेच्या आदल्या रात्री गाईड उघडणाऱ्या आम्हा लोकांना तो दोष चांगला कळतो. गंमत अशी की लुइसने सात महिन्यांत रहमानला चौथ्या फेरीत बाद केले आणि सगळे विसरले गेले. अँथनी जोशुआचेही तेच. २०१९ च्या जूनमध्ये ऐनवेळी बदली म्हणून आलेल्या अँडी रुइझकडून हरला, डिसेंबरमध्ये परत जिंकला. म्हणजे लाज पराभवात नसून परतफेडीची संधी मिळाली की नाही यात आहे! ज्याला दुसरी संधी मिळते त्याची चूक 'अपघात' होते.

इथे मला माझ्या वर्गातला एक मुलगा आठवतो. आमच्यासारख्या ज्यांच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा पहिलाच माणूस आहे, त्यांना नापास होण्याची तेवढी भीती वाटत नाही. "याला झेपले नाही" या वाक्याची वाटते. तो पहिल्या वर्षी इंग्रजीत राहिला आणि परत आलाच नाही. बापाचे नाक कापले, असे गाव म्हणाले. तो रात्री एका पेट्रोल पंपावर काम करून सकाळी तासाला बसत होता, हे किती जणांनी विचारात घेतले? लिस्टनचा खांदा निदान आठ डॉक्टरांनी तपासला.

ऑलिव्हर मॅकॉलची गोष्ट तर मला सहनच होत नाही. १९९४ साली त्याने लेनॉक्स लुइसला दुसऱ्या फेरीत थांबवले होते. ७ फेब्रुवारी १९९७ रोजी दोघे पुन्हा समोरासमोर आले तेव्हा हा माणूस अमली पदार्थांच्या व्यसनाने पोखरलेला होता, उपचार चालू होते. झुंज लावणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत होते. चौथ्या फेरीच्या सुमारास त्याने हात खाली सोडले आणि तो रिंगमध्ये इकडून तिकडे फिरत रडू लागला. पंच मिल्स लेन यांनी पाचव्या फेरीत झुंज थांबवली. त्याचे मानधन रोखून धरण्यात आले. लाजिरवाण्या पराभवांच्या यादीत हा प्रसंग नेहमी वरच्या क्रमांकावर असतो आणि लोक तो विनोद म्हणून पाहतात. एक आजारी माणूस हजारोंच्या समोर रडतो यात लाज त्याची, की त्याला तिथे आणून उभे करणाऱ्यांची?

हाच प्रश्न मी अलीबद्दल विचारतो, आणि आमच्या वसतिगृहात त्यावर कोणी उत्तर देत नाही, कारण अली सर्वांचा देव आहे. २ ऑक्टोबर १९८० रोजी लास व्हेगासमध्ये अडतीस वर्षांचा अली निवृत्तीतून परत येऊन लॅरी होम्सशी लढला. होम्स हा एके काळी त्याच्याच सरावातला भिडू. अलीचे अनेक वर्षांचे डॉक्टर फर्डी पाचेको याआधीच, आता लढू नकोस असे सांगून, त्याच्यापासून दूर झाले होते. या झुंजीआधी मेयो क्लिनिकमध्ये तपासणी झाली. बोट नाकाच्या शेंड्याला अचूक लावणे, एका पायावर लंगडी घालणे यांत अलीला थोडी अडचण येते, असे त्या अहवालात नमूद होते. तरीही नेवाडा राज्याच्या क्रीडा आयोगाने परवाना दिला. त्यात भर म्हणून त्याला थायरॉइडचे औषध चालू होते; त्याने वजन उतरले, दिसायला तो तरुण दिसू लागला आणि अंगातली ताकद गेली. दहा फेऱ्यांत अलीने एकही फेरी जिंकली नाही. होम्स मारता मारता पंचांकडे पाहत होता, की आता तरी थांबवा. दहाव्या फेरीनंतर अलीचे गुरू अँजेलो डंडी यांनी थांबवले, तेव्हा अली स्टुलावर बसला होता. होम्स नंतर रडला. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९८१ मध्ये, अलीला पुन्हा एकदा बहामात लढवले. १९८४ साली पार्किन्सनचे निदान झाले.

आणि हे सर्व जुने झाले, आता सुधारणा झाली, असे कोणी समजू नये. २ नोव्हेंबर २०१३ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मागोमेद अब्दुसलामोव हा रशियन हेवीवेट माइक पेरेझशी पूर्ण दहा फेऱ्या लढला. चेहऱ्याचे हाड मोडलेले, नाक मोडलेले, हात मोडलेला. त्याने "पुरे" म्हटले नाही. कोपऱ्यातल्यांनी म्हटले नाही, पंचांनी नाही, डॉक्टरांनी नाही. गुणांवर हरला. झुंजीनंतर त्याला रुग्णवाहिकासुद्धा मिळाली नाही, टॅक्सीने रुग्णालयात गेला. मेंदूत रक्ताची गाठ झाली होती. शरीराची एक बाजू कायमची गेली. २०१७ साली न्यूयॉर्क राज्याने त्याच्या कुटुंबाला दोन कोटी वीस लाख डॉलर देऊन तडजोड केली. त्याचा पराभव लाजिरवाण्यांच्या यादीत नाही. शौकिनांच्या नियमाने तो अत्यंत सन्मानाचा पराभव आहे! लिस्टनप्रमाणे तो चौथ्या-पाचव्या फेरीनंतर स्टुलावर बसून राहिला असता तर त्याच्यावरही विनोद झाले असते, आणि तो ते स्वतःच्या कानांनी ऐकून स्वतःच्या पायांनी घरी गेला असता.

तेव्हा वसतिगृहात यापुढे मत मागितले तर माझे मत २ ऑक्टोबर १९८० ला धरावे, आणि नाव अलीचे लिहू नये. परवान्यावर ज्यांच्या सह्या झाल्या त्यांचे लिहावे, झुंज भरवणाऱ्यांचे लिहावे, आणि तिकीट काढून गेलेल्यांचेही लिहावे. ज्यांना हे मान्य नसेल त्यांनी पुढच्या अंकात जरूर खोडून काढावे. मात्र त्याआधी त्या झुंजीची नववी आणि दहावी फेरी एकदा आवाज बंद करून पाहावी.